स्वस्त तिकिटावर विमानात सोयीची जागा कशी मागावी

देशांतर्गत विमानाच्या स्वस्त तिकिटात प्रवास मिळतो, हवी ती जागा मिळतेच असे नाही. खिडकीची, कडेची (म्हणजे मधल्या वाटेलगतची) किंवा पुढच्या ओळीतील जागा हवी असेल तर तिचे वेगळे पैसे मोजावे लागतात. तरीही पैसे न भरता विनंती करण्याचा मार्ग प्रत्येक प्रवाशाला मोकळा असतो. ती कधी आणि कोणाकडे करायची, हे ठाऊक असले तर मान्य होण्याची शक्यता बरीच वाढते.

सुरुवात तिकीट काढतानाच होते. कुटुंबाची तिकिटे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर काढावीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरील आई, वडील किंवा पालक यांच्यापैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावले आहे. मूल वेगळ्या ओळीत गेले असेल तर याच आदेशाचा शांतपणे उल्लेख करावा. ही सवलत नाही, हक्क आहे.

वेब चेक-इनच्या वेळी जागांचा नकाशा उघडतो, जवळपास प्रत्येक चौकोनावर रक्कम दिसते आणि पैसे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असा समज होतो. वास्तविक जागा निवडणे ऐच्छिक आहे. निवड न करता पुढे जाण्याचा पर्याय त्याच पानावर, बहुधा कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो. तो निवडला की उरलेल्या जागांपैकी एखादी आपोआप मिळते. दीड तासाच्या प्रवासाला निघालेल्या एकट्या, धडधाकट माणसाने पैसे भरू नयेत, असे माझे मत आहे. मात्र सोबत वृद्ध किंवा आजारी व्यक्ती असेल आणि कडेच्या जागेवाचून भागणारच नसेल, तर नशिबावर न विसंबता ती जागा आधीच विकत घ्यावी.

खरी संधी विमानतळावरील चेक-इन काउंटरवर असते. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी जादा पैसे घेऊ नयेत, असे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले होते, त्यामुळे तेथे जाण्यास कचरू नये. देशांतर्गत उड्डाणांचे काउंटर साधारणपणे तासभर आधी बंद होतात आणि शेवटच्या गर्दीत कर्मचाऱ्याला नकाशा न्याहाळण्याइतकी सवड नसते. म्हणून दोन तास आधी पोहोचावे. विनंती करताना अडचण, हवी असलेली जागा आणि आपली तडजोड या तिन्ही गोष्टी एका दमात सांगाव्यात: “मॅडम, आईचा गुडघा वाकत नाही. कडेची जागा मिळाली तर बरे होईल, अगदी शेवटच्या ओळीतली असली तरी चालेल.” “चांगली सीट द्या” या मागणीतून कर्मचाऱ्याला काहीच कळत नाही, वरील वाक्यामुळे मात्र नेमके काय शोधायचे ते समजते. मागच्या ओळींची तयारी दाखवणे विशेष उपयोगी पडते, कारण पैसे देणारे प्रवासी बहुधा पुढच्या जागा घेतात.

पाय लांब करायला मिळावेत म्हणून आपत्कालीन दरवाजाजवळची ओळ मागितली जाते. ती लहान मुलांना, गर्भवतींना किंवा हालचालीस अडचण असलेल्यांना दिली जात नाही, कारण प्रसंगी दरवाजा उघडण्यास त्या प्रवाशाची मदत लागते.

छोट्या मार्गांवरील एटीआर या लहान विमानात दोन-दोनची रांग असल्याने मधली जागा नसते, आणि प्रवाशांचा दरवाजा मागे असल्याने मागची जागा उतरायलाही सोयीची ठरते.

काउंटरवर जमले नाही, तर बोर्डिंग सुरू होण्यापूर्वी गेटवरील कर्मचाऱ्याला एकदा विचारावे. विमानात शिरल्यावर परस्पर जागा बदलू नये. विमानाचा तोल प्रवाशांच्या मांडणीवरही अवलंबून असतो, म्हणून केबिन क्रूला विचारूनच उठावे. सहप्रवाशाला अदलाबदल सुचवायची असल्यास आपली जागा त्याच्या जागेइतकी किंवा अधिक सोयीची असावी. “काका, तुम्हाला खिडकीची जागा चालेल का? आम्हा दोघींना एकत्र बसायचे आहे” या विनंतीला सहसा नकार मिळत नाही, मधल्या जागेच्या मोबदल्यात कडेची जागा मागणे मात्र गैर आहे.

पैसे भरून घेतलेली जागा विमान बदलल्यामुळे गेली, तर पैसे भरल्याची पावती आणि नव्या बोर्डिंग पासचे छायाचित्र जोडून, कंपनीच्या ग्राहक सेवेकडे ते शुल्क परत करण्याची लेखी मागणी करावी.