चिंगीचा वारंवार होणारा मूत्रसंसर्ग: माझा अनुभव
लातूरच्या उन्हाळ्यात घरी आणलेली आमची कुत्री चिंगी चार महिन्यांची असताना दर दहा-पंधरा मिनिटांनी बसून थेंब थेंब लघवी करू लागली, तेव्हा तो सवयीचा प्रश्न समजून आम्ही तिला रागावलो, याची आजही खंत वाटते. डॉक्टरांच्या प्रतिजैविकाने तिसऱ्याच दिवशी आराम पडला आणि उरलेल्या गोळ्या आम्हीच बंद केल्या. तीन आठवड्यांत त्रास परतला, आणि नंतर पुन्हा एकदा.

अखेर तिला परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. फरशीवरून टिपलेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात, म्हणून तेथे सोनोग्राफीत पाहत पोटातून सुईने थेट मूत्राशयातील नमुना घेतला (ऐकायला भीतिदायक, पण चिंगीने हूं की चूं केले नाही), आणि कल्चरमधून (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीतून) ई. कोलाय हा जंतू व त्यावर लागू पडणारे औषध, दोन्ही कळले. मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी) जन्मतः चुकीच्या जागी उघडत असल्यास झोपेतही लघवी गळते. तो दोष नव्हता. मात्र योनिमुखावरील कातडीच्या घडीत ओल साचत होती.

या वेळी औषध पूर्ण दिले, घडी रोज पुसून कोरडी ठेवली आणि गच्चीवरच्या तापलेल्या पाण्याऐवजी तिला प्यायला माठातले पाणी ठेवले. औषध संपल्यावर आठवड्याने केलेल्या कल्चरमध्ये जंतू आढळले नाहीत. पहिल्या माजानंतर अशी घडी बऱ्याचदा कमी होते, म्हणून नसबंदी आम्ही तोवर लांबवली आहे.