क्रॉप सेन्सरसाठी वाइड अँगल झूम घेताय? या चुका टाळा

फुल फ्रेमची (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरसाठीची) १७-४० मिमी लेन्स ‘वाइड’ म्हणून विकत घ्यायची आणि ती क्रॉप बॉडीवर, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चढवायची, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कॅननच्या क्रॉप सेन्सरचा फॅक्टर, म्हणजे लेन्सच्या मिमीला गुणायचा आकडा, १.६, तर निकॉन, सोनी, फुजीचा १.५. म्हणजे कॅननवर ही लेन्स साधारण २७-६४सारखी वागते, आणि कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ तर २९पासून सुरू होतेच. क्रॉपवर खरोखर वाइड हवं असेल तर लेन्सवरचा लहान आकडा १० ते १२ असायला हवा. लेन्सवर ‘डीएक्स’ (निकॉन) किंवा ‘ईएफ-एस’ (कॅनन) ही क्रॉपसाठीची खूण लिहिलीय म्हणून तो आकडा आधीच गुणून छापलेला असतो, असंही समजू नका. १० मिमी म्हणजे १०च. गुणाकार तिथेही करायचा असतो.

‘१० काय आणि १२ काय, दोन मिलिमीटरने काय होतंय?’ बरंच होतं. १.५च्या सेन्सरवर १० मिमीला कर्णरेषेवर सुमारे १०९ अंश दिसतं, १२ला ९९. वरचं टोक २० आहे की २४ यावर मात्र डोकं शिणवू नका. तिथे कॅमेऱ्यासोबतची किट लेन्स आहेच.

एफ/२.८चा मोहही तपासून बघा (एफचा आकडा लहान, तितकं अपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र मोठं). रात्रीचं आकाश टिपायचं असेल तर टोकिना ११-१६सारखी लेन्स हवीच. पण ट्रायपॉडवर एफ/८ला निसर्गदृश्यंच काढणार असाल, तर त्या काचेचं वजन उगाच वाहायचं. अंधाऱ्या खोलीत हातात धरून फोटो काढायचे असतील तर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेली १०-१८ स्वस्तात काम भागवते. फक्त हलणारी माणसं त्याने स्थिर होत नाहीत.

निकॉनवाल्यांनी पैसे देण्याआधी बॉडीचं नाव नीट बघावं. डी३०००, डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकस मोटर नसते, त्यामुळे जुनी, बिनमोटरची टोकिना ११-१६ त्यांवर हातानेच फोकस करावी लागते. उलट एएफ-पी १०-२० ही नवी लेन्स डी९०, डी५१००, डी७००० या जुन्या बॉडींवर फोकसच करत नाही. सेकंडहँड व्यवहारात फसगत होते ती इथेच.

आता लेन्स घेतल्यानंतरच्या तक्रारी. त्यातल्या बहुतेकांत लेन्सचा दोष नसतो.

फोटो रिकामा, सपाट वाटतो? ‘सगळं मावावं’ म्हणून तुम्ही मागे सरकलात. वाइड लेन्स घेऊन पुढे जायचं असतं: दगड, फूल, पायरी, काहीतरी अगदी जवळ हवं. १० मिमी, एफ/८ला फोकस साधारण ६५ सेंटिमीटरवर ठेवला तर ३५ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं, त्यामुळे जवळ जायला भिऊ नका. इमारती मागे कलताहेत? कॅमेरा वर रोखलेला आहे, तो समतल धरा. कडेच्या माणसांची डोकी ताणली जात असतील तर माणसं मध्यभागी घ्या, किंवा सरळ किट लेन्स लावा. ग्रुप फोटोचं हे काम नव्हेच. आकाशात एकीकडे गडद पट्टा आला तर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढा. फोटोच्या तळाशी अर्धगोल सावली पडली तर ती पॉप-अप फ्लॅशपुढे आलेल्या लेन्सची किंवा हूडची.

खरा दोष असा ओळखा. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर ठेवा, भिंतीवरच फोकस करा आणि एफ/८ला फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा. पूर्ण उघड्या अपर्चरला चारही कोपरे सारखेच मऊ असणं चालतं. पण एफ/८लाही एकच कोपरा पुसट राहत असेल, तर आतली काच केंद्रातून सरकलेली असण्याची शक्यता मोठी. पुन्हा दोन-तीनदा तपासा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत लेन्स बदलून घ्या.