मशीनची अमावास्या

भोसरीच्या एका कारखान्यात मी २८ वर्षं मेंटेनन्सला होतो. निवृत्त झाल्यावर माझ्या ताब्यात एकच यंत्र उरलं, बाल्कनीतलं फ्रंट लोड वॉशिंग मशीन. त्याची साफसफाई मी दर अमावास्येला करतो. श्रद्धेचा भाग नाही. कॅलेंडरवर काळा ठिपका छापलेला असतो, म्हणून विसरायला होत नाही. लोक त्या दिवशी गाडीला लिंबू-मिरची बांधतात, मी मशीनला लिंबूसत्त्व पाजतो. ही हसते, पण कपड्यांना वास येत नाही हे तीही कबूल करते.

सुरुवात फिल्टरपासून. दोन वर्षांपूर्वी मशीन मध्येच थांबलं, आत पाणी तुंबलेलं. आलेल्या कारागिराने खाली न वाकताच सांगितलं, "काका, पंप गेला. २८०० होतील." म्हटलं उद्या या. तो गेल्यावर मीच खालचा झाकणाचा कप्पा उघडला. आत एक रुपयाचं नाणं, ब्लाऊजचे दोन हुक, हिचा काळा मणी आणि नातवाचा एक मोजा, गुंडाळून सुपारीएवढा झालेला. पंप ठणठणीत होता.

हा कप्पा बहुतेक मशीनना समोर खाली, कोपऱ्यात असतो. आधी प्लग काढायचा, पाण्याचा नळ बंद करायचा. गरम पाण्यात धुणं झालं असेल तर तासभर थांबा, नाहीतर हात भाजेल. आता खरी अडचण: फिल्टर जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर, तिथे परात शिरत नाही. त्यासाठी केर भरायची प्लास्टिकची सुपली सर्वांत उत्तम. तिची कड मशीनखाली बरोबर बसते. शेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून आधी पाणी सोडा. नसेल तर फिल्टर डावीकडे पाव आटा फिरवायचा, सुपली भरली की घट्ट करायचा, ओतून यायचं, परत पाव आटा. एकदम फिरवलात तर पाणी हॉलमध्ये जातं (आमच्याकडे गेलं होतं). फिल्टर बाहेर आल्यावर बॅटरी मारून आत बघा. पंपाचा छोटा पंखा दिसेल, तो बोटाने अडत-अडत पण फिरला पाहिजे. केस गुंतले असतील तर चिमट्याने काढा.

दुसरं ठिकाण म्हणजे दाराचं रबर. वास येतो तो इथूनच. रबराची खालची घडी बोटांनी उलटी करून बघा, तिथे चमचाभर पाणी आणि राखाडी गाळ हमखास सापडतो. मी जुना पंचा बोटाला गुंडाळून पूर्ण गोल फिरवतो. काळे ठिपके पडले असतील तर पावडरीच्या कोमट पाण्यात टूथब्रश बुडवून घासा. व्हिनेगर वारंवार लावू नका, रबर खराब होतं. आणि धुणं झाल्यावर दार चार बोटं उघडंच ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मात्र आधी ड्रममध्ये डोकावल्याशिवाय मशीन लावायचं नाही.

पावडरीचा कप्पा मधली खिट्टी दाबून पूर्ण बाहेर ओढता येतो. कम्फर्टच्या खणात निळी जेली साचते, ती गरम पाण्यात विरघळते. कप्पा निघाल्यावर वरच्या छताला जी भोकं आहेत, त्यांनाही ब्रश मारा.

आता पाणी. आमची सोसायटी उंड्रीला, उन्हाळ्यात सगळं बोअर आणि टँकरवर. तपासणीत कठीणता लिटरला ५४० मिलिग्रॅम निघाली. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० पर्यंत चालते, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते ना, तोच थर हीटरच्या कॉइलवर चढतो. म्हणून दर तिसऱ्या अमावास्येला १०० ग्रॅम लिंबूसत्त्व रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर मशीन चालवायचं. ६० च्या वर नको. त्या दिवशी ब्लीच जवळही आणू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. मधल्या अमावास्यांना नुसतं टब क्लीन किंवा ९० अंशांचं धुणं, कपडे न घालता.

टँकर येत असेल तर मागच्या पाइपची जाळीही काढा. नळ बंद, पाइपचा आटा सोडला की तोंडाशी जाळी दिसते, पकडीने हलकेच ओढायची. मातीने बुजलेली असते. मशीन "पाणी येत नाही" म्हणून ओरडतं ते बऱ्याचदा यामुळेच.

पावडर सगळेच जास्त टाकतात. खात्री करायची असेल तर धुतलेले चार टॉवेल पावडरीशिवाय लावा आणि काचेतून बघा. फेस दिसला तर तो मागचा साठा आहे. मी आता आधीच्या निम्मी टाकतो, तीही फ्रंट लोडचीच. टॉप लोडची पावडर फेस फार करते. उरलेला साबण ड्रमला मागून धरून ठेवणाऱ्या तीन हातांच्या ॲल्युमिनियमच्या कैचीवर बसतो आणि तिला कुरतडतो. ती तुटली की दुरुस्तीपेक्षा नवीन मशीन परवडतं.

चाकांचा स्टँड असेल तर काढून टाका, भाऊ. फ्रंट लोड जमिनीवरच, चारही पाय टेकलेले. वर पाण्याने भरलेली वाटी ठेवा, कड सारखी नसेल तर पाय फिरवून घ्या.

शेवटची चाचणी कारखान्यातली सवय. मशीन बंद असताना दार उघडून ड्रमची कड हाताने वर उचलून बघायची. टबासकट वरखाली झाला तर ठीक, स्प्रिंगवर असतो. टब जागेवर आणि ड्रमच आत खडखडला, तर बेअरिंग गेलं. तेव्हा कारागिराला बोलवा, आणि तो मशीन उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा.