कपाशीचा संकर फसतो कुठे? या चुका टाळा

१९७० साली सुरतहून संकर-४ हे कपाशीचं संकरित वाण आलं आणि हाताने केलेला कपाशीचा संकर आपल्याकडे रुळला. तरी नव्याने हात घालणाऱ्यांच्या पात्या, म्हणजे कळ्या, गळतात, नाहीतर बियाणं भलतंच निघतं.

बहुतेकांचं चुकतं ते वेळेत. उमललेल्या फुलाचे पुंकेसर काढून उपयोग नाही, तोवर त्याचाच पराग कुक्षीवर, म्हणजे मादीभागाच्या टोकावर, पडलेला असतो. उद्या सकाळी उमलणारी कळी आज दुपारी तीननंतर हेरा. तिच्या पाकळ्यांची गुंडाळी बाहेरच्या हिरव्या पानांतून वर आलेली, पण न सुटलेली असते. अंगठ्याचं नख तळाशी लावून पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एकत्रच अलगद फिरवून काढायची. नख खोल गेलं की अंडाशयावरचा पांढरा पापुद्रा फाटतो आणि पाती गळते. दोष मात्र खताला नाहीतर हवेला दिला जातो! एकही परागकोष मागे राहिला नाही ना, ते पाहून लाल कागदी पिशवी चढवा. नराच्या, म्हणजे ज्या झाडाचा पराग घ्यायचा त्याच्या, कळीला पांढरी, म्हणजे सकाळी गोंधळ होत नाही.

पराग सकाळीच लावा. ऊन चढलं की त्याचा जोम जातो. पावसात भिजलेलं नरफूल तर घेऊच नका, कपाशीचा पराग पाण्याने फुटतो.

देशी आणि अमेरिकन कपाशीचा थेट संकर करायचा मोह टाळा. देशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये ५२. त्यांचं झाड जगलंच तर ३९ गुणसूत्रांचं आणि वांझ.

संकरातून नवं वाण काढायचं तर खरी फसगत झाडांच्या निवडीत होते. पालक शुद्ध असतील तर पहिल्या पिढीतली सगळी झाडं गुणांनी सारखीच असतात, त्यातलं 'सर्वांत झकास' झाड म्हणजे बहुधा चांगल्या मातीत पडलेलं बी. गुण फुटतात, म्हणजे झाडागणिक वेगळे दिसतात, ते दुसऱ्या पिढीत. समजा, चार स्वतंत्र जनुकं शुद्ध रूपात एकाच झाडात हवी आहेत. असं झाड सरासरी २५६ त एक. ते हमखास म्हणावं इतक्या खात्रीने सापडायला साडेसातशेच्या वर झाडं लागतात. लोक पन्नास लावतात आणि संकर वाईट ठरवतात. बांधालगतचं झाडही निवडू नका, त्याला ऊन आणि अन्न जास्त मिळतं.

निवडलेल्या झाडाच्या कळ्यांची टोकं आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधायला विसरू नका, नाहीतर मधमाश्या शेजारचा पराग आणून टाकतात. सहाव्या पिढीपर्यंत हे दरवर्षी करावं लागतं. आणि प्रत्येक चाचणीत, ओळींच्या मध्ये मध्ये, शेतकरी आज जे वाण लावतात त्याची ओळ हवीच. उतारा तिच्याशी ताडून बघायचा, पालकांशी नाही.