अर्धवट राहिलेली फाइल पुढे कशी पाठवावी

नेटवर्क तुटून मोठी फाइल मध्येच अडकली की पोहोचलेला तुकडा डिलीट करून सगळे पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. तसे करू नये. प्रथम मूळ फाइल आणि तुकडा यांचे आकार बाइटमध्ये पाहावेत, आणि मधल्या काळात मूळ फाइल कोणी बदललेली नाही ना, हे तिच्या तारखेवरून व वेळेवरून तपासावे. कारण जुन्या तुकड्याला नव्या फाइलचे शेपूट जोडले गेले, तर आकार बरोबर दिसूनही फाइल निकामी होते.

काम एससीपीने (एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल नेणाऱ्या आदेशाने) चालले असेल तर ते सोडावे. त्याला थांबलेल्या जागेपासून पुढे जाता येत नाही. एसएफटीपी या फाइल नेण्या-आणण्याच्या प्रोग्राममध्ये मात्र फाइल आणताना ‘रीगेट’ आणि पाठवताना ‘रीपुट’ हा आदेश द्यावा.

वारंवार तुटणाऱ्या जोडणीवर १९९६ साली आलेले आरसिंक हे फाइल-नकलेचे साधन अधिक भरवशाचे. त्याची एक खोड ठाऊक हवी: येणारा डेटा ते तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिते आणि काम थांबले की एरवी ती पुसून टाकते. म्हणून पहिल्याच वेळी ‘पार्शल’ हा पर्याय द्यावा, म्हणजे तोच आदेश पुन्हा चालवल्यावर दोन्हीकडच्या भागांचे चेकसम (डेटावरून काढलेली पडताळणीची खूण) ताडून उरलेलेच पाठवले जाते. ‘अपेंड’ पर्याय आधीचा भाग न तपासताच पुढे जोडतो. मी तरी ‘अपेंड-व्हेरिफाय’च वापरावा असे म्हणेन. दुसऱ्या संगणकाचे फोल्डर माउंट करून (आपल्याच डिस्कसारखे जोडून) दोन्ही पत्ते स्थानिक दिले, तर आरसिंक ही ताडणी टाळून पूर्ण फाइल नव्याने लिहिते, हेही लक्षात ठेवावे.

विंडोजवर रोबोकॉपी हे नक्कल करण्याचे साधन ‘झेड’ पर्यायासह सुरुवातीपासूनच चालवावे. वेग थोडा कमी होतो, पण तुटलेली नक्कल पुढे नेता येते.

वेब सर्व्हरवरून फाइल घेताना डब्ल्यूगेट या डाउनलोड प्रोग्रामला ‘कंटिन्यू’ पर्याय द्यावा. सर्व्हरचे सांकेतिक उत्तर २०६ आले तर उरलेला भागच येत आहे. २०० आले तर त्याने पुढून पाठवण्याची विनंती मानलेली नाही आणि तो पूर्ण फाइल पहिल्यापासून पाठवत आहे. एफटीपी (फाइल पाठवण्याची जुनी पद्धत) असेल तर बाइट जसेच्या तसे नेणारा बायनरी मोड निवडावा, कारण मजकुरासाठीच्या आस्की मोडमध्ये ओळींच्या शेवटची चिन्हे बदलतात आणि बाइटचा हिशेब चुकतो.

काम पूर्ण झाल्यावर दोन्ही संगणकांवर फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा चेकसम काढून ६४ अक्षरे जुळतात का ते पाहावे. न जुळल्यास आरसिंक ‘चेकसम’ पर्यायासह पुन्हा चालवावे, म्हणजे बिघडलेले भागच बदलले जातात. आरसिंक नसेल, तरच तुकडा टाकून फाइल नव्याने पाठवावी.