उन्हाळ्यात शेततळ्यावर गळ टाकताना

उन्हाळ्यात शेततळ्याची पातळी उतरत जाते, पण मासे तेवढेच राहतात, किंबहुना आधीपेक्षा वजनाने वाढलेले असतात. तळ्याच्या बाजू उतरत्या असल्यामुळे खोली निम्मी झाली की पाण्याचा साठा निम्म्याहूनही कमी उरतो, हे अनेकदा लक्षात येत नाही. म्हणून या हंगामात थोडे थोडे मासे काढून तळ्यातील गर्दी कमी करत राहणे आवश्यक असते. जाळे ओढण्याइतके मनुष्यबळ नसेल, तर लहान तळ्यात घरच्या मंडळींनी मिळून गळाने मासे काढणे हा उपयुक्त मार्ग आहे. मोठ्या तळ्याची विरळणी गळाने होणार नाही, तेथे जाळ्याला पर्याय नाही.

मासेमारीची वेळ ठरवताना पाण्यातील प्राणवायूचा विचार प्रथम करावा. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, तर ३० अंशांना हे प्रमाण सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येते. त्यातच शेवाळामुळे हिरव्या झालेल्या तळ्यात रात्रभर मासे, शेवाळ आणि तळातील कुजणारा गाळ हे सर्वच प्राणवायू वापरत असल्याने पहाटे त्याचे प्रमाण दिवसातील सर्वांत कमी असते. पहाटेची वेळ गळाला चांगली असे मानण्याची सवय नदीवर ठीक आहे, परंतु उन्हाळ्यातील दाट तळ्यात त्या वेळी गळाला लागून दमलेला मासा परत सोडला तरी जगेलच असे नाही. त्यापेक्षा सूर्यास्तापूर्वीचे दोन तास निवडावेत. दिवसभराच्या उन्हात शेवाळाने तयार केलेला प्राणवायू त्या वेळी पाण्यात असतो आणि मुलांनाही उन्हाचा त्रास होत नाही. सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर त्या दिवशी गळ टाकू नये, खाद्यही देऊ नये, आणि ताजे पाणी सोडून किंवा वायुवीजन यंत्र चालवून आधी प्राणवायू वाढवावा. पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा-निळसर थर आला असेल, तर तो विषारी असण्याची शक्यता गृहीत धरून मुलांना व जनावरांना तेथून दूर ठेवावे, आणि थर जाईपर्यंत त्या तळ्यातील मासे खाऊ नयेत.

घरच्या मंडळींना तळ्यावर नेण्यापूर्वी काठाची पाहणी करावी. प्लास्टिकचे अस्तर असलेले तळे सर्वांत धोकादायक असते. ओल्या, शेवाळलेल्या अस्तरावरून घसरलेल्या पोहता येणाऱ्या प्रौढ माणसालाही स्वतःहून वर येणे कठीण जाते, आणि पाणी खाली गेलेले असताना चढायचा उतार अधिकच लांब होतो. अशा तळ्यात चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर वरच्या खुंट्यांना पक्के बांधून पाण्यात सोडलेले असावेत, आणि हवा भरलेली ट्यूब हाताशी असावी. लहान मुलांना जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बांधावर येऊ देऊ नये. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, म्हणूनच एका प्रौढ व्यक्तीने गळ हातात न घेता केवळ मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम करावे आणि त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवावा. कोणी पाण्यात पडल्यास मागोमाग उडी न मारता दोर, काठी किंवा ट्यूब पुढे करावी. तळ्यात विद्युत पंप असेल तर मुख्य स्विच बंद करूनच सुरुवात करावी, आणि बांधावरून वीजतारा जात असतील तर त्या बाजूला लांब काठी मुळीच नेऊ नये, कारण कार्बन तंतूच्या काठीतून वीज सहज वाहते.

साहित्य साधेच पुरते. लहान मुलांसाठी आखूड काठी, नायलॉनची दोरी, छोटे तरंगते बूच आणि लहान गळ एवढे पुरे, मात्र गळाच्या टोकामागील उलटी अणी पकडीने दाबून सपाट करून घ्यावी. त्यामुळे माशाच्या तोंडातून आणि प्रसंगी बोटातूनही गळ सहज निघतो. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, तर मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात, त्यानुसार बुचाखालील दोरी कमी-जास्त करावी. गांडूळ किंवा मळलेली कणीक हे आमिष चालते. ज्या तळ्यात रोज खाद्य दिले जाते तेथे एक वेळचे खाद्य चुकवून त्याच जागी, त्याच वेळी गळ टाकल्यास मासे लवकर लागतात.

कोणता मासा ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे आधीच ठरलेले असावे. तिलापिया काही महिन्यांतच प्रजननक्षम होतो आणि तळे लहान माशांनी भरून टाकतो, त्यामुळे तो कोणत्याही आकाराचा असला तरी परत सोडू नये. दुसऱ्या ओढ्यात किंवा नदीत तर कधीच सोडू नये. तिलापियाची पिल्ले खाणारे शिकारी मासे तळ्यात असतील तर मोठे शिकारी मासे मात्र राखावेत, अन्यथा पिल्लांची संख्या आवरत नाही. परत सोडायचा मासा ओल्या हातांनी धरावा, शक्यतो पाण्यातच गळ काढावा, आणि गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापावी. शिंगी व मागूर यांच्या कल्ल्यांजवळील काटे टोचतात, शिंगीचा काटा तर विषारी असतो, म्हणून हे मासे मुलांना हाताळू देऊ नयेत.

पकडलेल्या माशांची लांबी व वजन वहीत लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे. डोके मोठे आणि अंग बारीक असे मासे वारंवार दिसू लागले, तर तळ्यात गर्दी झाली आहे किंवा खाद्य अपुरे पडत आहे, असे समजावे. अर्थात गळाला भुकेले मासे आधी लागतात, त्यामुळे मोठा निर्णय घेण्यापूर्वी फेकजाळ्याने नमुना घेऊन पडताळणी करावी.

लगतच्या पिकावर फवारणी झाली असेल आणि औषध वाऱ्याने किंवा पाण्यासोबत तळ्यात गेल्याची शंका असेल, तर मासे खाण्यासाठी काढू नयेत. काढलेले मासे सावलीत बर्फात ठेवावेत, बर्फ माशांच्या वजनाइतका असावा, आणि पोट लवकर साफ करावे. तुटलेली नायलॉन दोरी व गळ वेचून परत आणावेत, कारण पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात आणि चाऱ्यासोबत ती दोरी जनावरांच्या पोटात जाते. वळवाचे ढग जमून गडगडाट ऐकू येताच काठ्या खाली ठेवून सर्वांनी पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत तळ्यावर परतू नये.