मूळव्याध: चार वर्षं गप्प बसल्यावर मला जे कळलं

ब्लाउज शिवायचं माझं काम. लग्नसराईत सकाळी मशीनवर बसले की रात्रीच उठायचे. मध्ये उठावं लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायचे. दुसऱ्या गरोदरपणात सुरू झालेली मूळव्याध अशीच वाढली, आणि लाजेपायी चार वर्षं मी कुणाला बोलले नाही. बायांनो, तुम्ही असं करू नका.

गुदद्वारात रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. रोज कुंथल्यानं, गरोदरपणातल्या दाबानं त्या फुगून खाली सरकतात. तोच मोड. आतला मोड सहसा दुखत नाही, नुसतं लालभडक रक्त पडतं. काचेनं कापल्यासारखं दुखत असेल तर ती चीर, म्हणजे फिशर असू शकते. बाहेर अचानक निळसर, ठणकणारी गाठ आली तर दोन-तीन दिवसांच्या आतच दाखवा.

घरच्या उपायांत मला सगळ्यात जास्त गुण इसबगोलानं आला. एका चमच्यापासून सुरुवात करा, नाहीतर पोट फुगतं. मग दोन चमचे. मोठ्या पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचं, थांबलं की त्याची खळ होते. दिवसभर पाणी कमी पडलं तर उलट आतच अडकतं. जोडीला ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू. कळ आली की बाही अर्धी राहिली तरी उठायचं, आणि संडासात पाच मिनिटांच्या वर बसायचं नाही. मोबाइल बाहेर. दुखत असेल तेव्हा रुंद टबात कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा. मग पुसायचं नाही, टिपायचं. मी मलमलचे तुकडे ठेवलेत, कडा न दुमडलेले.

तपासणीला मी उगाच घाबरले होते. डाव्या कुशीवर निजवून डॉक्टर हातमोजा घालून बोटानं तपासतात, मग छोटी नळी घालून बघतात. पाचेक मिनिटांत झालं. माझा मोड बाहेर येऊन आपोआप आत जायचा, ती दुसरी पायरी. बोटानं ढकलावा लागला तर तिसरी, आत जाईचना तर चौथी; तिथं बहुधा शस्त्रक्रिया. माझ्या मोडाच्या मुळाशी डॉक्टरांनी छोटा रबर बँड लावला, म्हणजे त्याचं रक्त तुटतं. दोन दिवस जडपणा होता, आठवड्याभरात मोड सुकून गळला.

‘एका इंजेक्शनात मुळासकट’ अशा पाट्यांच्या नादी लागू नका. रक्त दरवेळी मूळव्याधीचंच नसतं. शौच काळं होणं, वजन घटणं, शौचाची सवय बदलणं, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसणं, यात आतड्याचा कर्करोग नाही ना, हे बघावंच लागतं. गरोदर असाल तर मलमसुद्धा विचारूनच लावा.

जनरल सर्जनकडे जायचं. संकोच वाटला तर बाई डॉक्टर आहेत का ते आधी फोनवर विचारा, नाहीतर तपासताना नर्सला खोलीत थांबवा. मी थांबवलं होतं.